मासे नसलेली नदी

गेल्या हिवाळ्यात मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात साहित्य आणि पर्यावरण या विषयावर चर्चासत्र झाले. त्यात आम्ही काही जणांनी मिळून एक छोटे टिपण वाचले. टिपणाचे शीर्षक होते ‘परभणी जिल्ह्यातील गोदावरीवर माशीच्या गळाने मासेमारी : एका वर्षाची आखणी’. शीर्षक उच्चारताच सभागृहात हशा पिकला, आणि तो टिपण संपेपर्यंत पुरता ओसरला नाही. नंतरच्या चर्चेत दोन आक्षेप आले. पहिला असा की फ्लाय फिशिंग ही साहेबी हौस आहे, तिचे गोडवे दुष्काळी जिल्ह्यात गाणे म्हणजे वसाहतवादी मनोवृत्तीचे लक्षण. दुसरा आक्षेप अध्यक्षस्थानावरून आला, म्हणून तो अधिक वजनदार मानला गेला : हा साहित्याचा विषयच नव्हे. मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे सोपवावेत आणि आपण नदीच्या प्रतिमेकडे वळावे, असे सुचवण्यात आले. त्यानंतर पुढच्या निबंधवाचकाने नदीच्या प्रतिमेविषयी पस्तीस मिनिटे भाषण केले. त्या पस्तीस मिनिटांत एकाही नदीचे नाव आले नाही.

त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. वेळ संपली होती, आणि जेवण थांबले होते. आज मात्र उत्तर देणे भाग आहे, कारण दुसरा आक्षेप आमच्या टिपणापुरता नाही. मराठी समीक्षेच्या एका जुन्या, मुरलेल्या सवयीचे ते बोलके रूप आहे.

आधी हे टिपण कशातून निघाले ते सांगितले पाहिजे. एम.ए.च्या भाषांतराच्या वर्गात हेमिंग्वेची ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही १९२५ची कथा होती. युद्धावरून परतलेला एक तरुण एकटाच नदीवर जातो, राहुटी ठोकतो, मासे धरतो. घडत काही नाही. जे आहे ते सगळे पाण्यात आहे. भाषांतराचे काम गंगाखेड तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने घेतले होते. तो सुरुवातीलाच अडला. पुलावरून खाली पाहताना त्या तरुणाला ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून, पर हलवत, एकाच जागी स्थिर उभे असलेले दिसतात. विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्या गंगेतले मासे असे उभे राहतात का? आणि राहत असतील तर कोणते? त्याला आपल्याकडे काय म्हणतात?” (गोदाकाठी गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

वर्गात बावीस विद्यार्थी होते. कक्षेत आम्ही पाच अध्यापक. नदी तासाभराच्या अंतरावर. उत्तर एकालाही येत नव्हते. नदीवरच्या कविता मात्र आमच्यापैकी प्रत्येकाला दहा-पंधरा तरी पाठ होत्या.

तेव्हा आम्ही ठरवले की कागदावर का होईना, एक सहल आखायची. वर्षाच्या कोणत्या पंधरवड्यात, गोदावरीच्या किंवा पूर्णेच्या कोणत्या काठावर, कोणता मासा माशीच्या गळाला येऊ शकेल, हे शोधायचे. आमच्यापैकी कुणाकडे तसली काठी नव्हती आणि अजूनही नाही. हेतू भाषांतराचा होता. ज्या भाषेत ती सहल आखताच येत नाही त्या भाषेत ती कथा कशी उतरणार?

माशीचा गळ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगू. आपल्याकडच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वजनाने ती खाली जाते, वर तरंगा डुलतो. माशीच्या गळात आमिष खोटे असते. पीस आणि दोरा आकड्यावर गुंडाळून केलेला तो किडा असतो. त्याला वजन नसते, म्हणून तो फेकता येत नाही. वजन असते ते दोरीला, आणि फेकायची ती दोरी. माशीने मासा धरण्याचा हा उद्योग करणाऱ्याला माशापेक्षा माशीची माहिती जास्त लागते. या आठवड्यात या पाण्यावर कोणता किडा उडतो आहे, कोणता काठावरच्या गवतातून पाण्यात पडतो आहे, मासा वर येऊन काय गिळतो आहे, हे ठाऊक नसेल तर दिवसभर काठी हलवून हात दुखतील, एवढेच. म्हणजे मुळात हा वाचनाचा प्रकार आहे, आणि वाचायची संहिता दर पंधरवड्याला बदलते. साहित्याच्या विभागात या गोष्टीचे हसू का यावे, हे आम्हाला खरोखरच कळलेले नाही.

आता आमचे मुख्य म्हणणे. दख्खनच्या पठारावरच्या मराठी साहित्यातली नदी ही मासे नसलेली नदी आहे. कोकण-गोव्याकडे समुद्र आहे, खाडी आहे, तिथल्या लेखनात माशांची नावे आहेत, चवी आहेत, वादसुद्धा आहेत. घाट चढून वर आलो की पाणी निर्जीव होते. मराठी लेखक नदीवर स्नानाला जातो, बालपण आठवायला जातो, किंवा अस्थी घेऊन जातो. नदीत दुसरे कुणी राहते, याची त्याला गंधवार्ता नसते. ग्रामीण साहित्यात नदी येते ती कोरडी पडलेली किंवा पूर आलेली. कोरडेपणा आणि पूर या दोहोंच्या मध्ये जे आठ महिने असतात, त्यांचे काय?

संतसाहित्यात मासा आहे, असे कुणी म्हणेल. आहे. पण तो दोनच कामांसाठी आहे. पाण्याबाहेर तळमळायचे, म्हणजे भक्ताची विरहव्यथा कळावी. किंवा आमिषाच्या लोभाने गळाला लागायचे, म्हणजे जिभेच्या चोचल्यांनी जीव कसा जातो ते कळावे. दोन्ही दृष्टान्त अप्रतिम आहेत, आणि त्यांच्या जागी ते योग्यच आहेत. संतांना मत्स्यशास्त्र लिहायचे नव्हते. प्रश्न नंतरच्या सात शतकांचा आहे. ज्या माशाला फक्त तळमळता येते आणि फक्त मरता येते, तो मासा मरळ की वांब, शिंगटा की घोगर, हे विचारायची गरज पुढे कुणाला वाटलीच नाही. दृष्टान्ताला जात नसते.

जात म्हटल्यावर दुसऱ्या जातीचाही विषय निघणारच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. नदीकाठच्या मराठी लेखनाचे सौंदर्यशास्त्र दीर्घकाळ शाकाहारी राहिले आहे. घाटावर पुण्यासाठी माशांना कणकेचे गोळे घालणारा हात लिहिता होता. तोच गोळा गळाला लावणारा हात भोयाचा होता, आणि तो लिहिता नव्हता. एका हाताने टाकले की पुण्य, दुसऱ्याने टाकले की आमिष. नदीचे ज्ञान दुसऱ्या हाताकडे होते आणि नदीचे वर्णन पहिल्याकडे. या फारकतीतून आपले नदीविषयक ललित गद्य जन्माला आले. ते गद्य वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. काकासाहेब कालेलकरांनी नद्यांना ‘लोकमाता’ म्हटले (पुस्तक गुजरातीत, लेखक मराठी), त्या शब्दाची भव्यता आम्हालाही भावते. पण मातेच्या पोटात काय आहे, हे विचारणे सभ्यपणाचे नसते, ही त्या शब्दाची अडचण आहे.

अपवाद आहेत, ते सांगणे न्यायाचे होईल. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने १९५६ साली मराठी गद्याला महिन्यांकडे डोळे उघडून पाहायला शिकवले. मारुती चितमपल्लींनी नवेगाव बांधच्या जलाशयाविषयी लिहिले ते तिथे राहून, तिथल्या माणसांना विचारून. व्यंकटेश माडगूळकर स्वतः रानात हिंडले. शिकारकथा मराठीत रुजली. गळाची कथा मात्र, आमच्या वाचनात तरी, रुजली नाही. हेमिंग्वेचा दुसरा मासा मराठीत आला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘एका कोळियाने’मधून. भाषांतर सुरेख आहे, पण शीर्षकाची गंमत पाहावी. ‘कोळी’ या शब्दाच्या आधाराने तो म्हातारा मच्छीमार शाळेच्या पुस्तकातल्या जाळे विणणाऱ्या, पडून पुन्हा चढणाऱ्या कोळ्याशी जोडला गेला. मराठी वाचकाला म्हातारा आपला वाटावा म्हणून आधी त्याला दृष्टान्त करावे लागले.

आता साहेबी हौशीचा आक्षेप घेऊ. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचे जुने छापील पुस्तक १४९६चे आहे, आणि आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३चा. माशीच्या गळाचा उल्लेख त्याहून कितीतरी जुना आहे. मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोकर आणि पिसे गुंडाळलेल्या आकड्याने मासे धरतात, असे इलियनने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवले. पण आम्हाला मॅसिडोनियाला जायचे नाही. आम्हाला जायचे आहे कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. ते परभणीहून काही फार दूर नाही, आणि बाराव्या शतकात आपला हा मुलूख तिथल्या चालुक्यांच्याच अमलाखाली होता.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ इ.स. ११२९च्या सुमाराचा. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो, कारण भाषेच्या इतिहासाच्या पेपरात तो येतो : त्यातल्या गीतविनोदात मराठीचे आरंभीचे नमुने आहेत. परीक्षेत यासाठी दोन गुण मिळतात. आम्हीही मिळवले आहेत. याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, हे मात्र आम्हाला एम.ए. होऊन, अध्यापक होऊन, निवृत्ती दिसू लागेपर्यंत कुणी सांगितले नव्हते. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणत्या माशाला कसले खाद्य घालून त्याला त्या जागेची सवय लावायची. गळाची दोरी कशाची आणि काठी कशी, याचे विवेचन त्यात आहे. ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. त्यातल्या मत्स्यप्रकरणावर १९५१ साली निबंध लिहिला तो सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने. मराठीच्या किंवा संस्कृतच्या एखाद्या प्राध्यापकाने ते करायला काय हरकत होती? हरकत एवढीच की तो साहित्याचा विषय नव्हता.

वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे, आपल्याच भूमीवर, एक राजा माशांच्या खाण्यापिण्याविषयी तपशिलाने लिहितो, आणि त्याच ग्रंथातली काही मराठी पदे तेवढी उचलून आपण बाकीचे पुस्तक मिटून ठेवतो. मग कुणी गळाचे नाव काढले की त्याला साहेब म्हणतो. यात वसाहतीचा ठसा नेमका कुणाच्या मनावर उमटला आहे?

साहेबाचाही हिशोब करून टाकू, कारण तो आपल्याला अधिकच लाजवणारा आहे. कर्नल विल्यम सायक्स १८२०च्या दशकात दख्खनमध्ये सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलेला अधिकारी. त्याने इथल्या माशांवर निबंध लिहिला, आणि १८३९ साली कित्येक जातींना शास्त्रीय नावे दिली. नावे देताना त्याने काय केले? भीमेच्या, मुळा-मुठेच्या काठच्या लोकांना विचारले आणि त्यांनी सांगितले ते लॅटिनच्या शेपटीला जोडले. टोर खुद्री. लेबिओ बोग्गट. गारा मुळ्या. मिस्टस सींगटी. रिटा गोग्रा. एकाचे नाव तर ‘पोटेल’ आहे. त्या काळी इंग्रजीत ‘पाटील’ हा शब्द याच हिज्ज्यांनी लिहीत. आज टोकियोतला किंवा लंडनमधला संशोधक दख्खनी माशाविषयी लिहितो तेव्हा त्याला नाइलाजाने एक मराठी शब्द लिहावा लागतो. सायक्सने पाणी तपासले ते पश्चिमेकडचे, आमच्या जिल्ह्यातले नव्हे; आणि त्याचे ऐकणे कानाला इंग्रजी वळण असलेले. तरी त्याने विचारले. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत मराठीच्या किती अभ्यासकांनी काठावर जाऊन, ‘हे काय आहे, आणि याला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारले?

असो. आता आखणी. चर्चासत्रात ती पुरी वाचू दिली गेली नाही, म्हणून इथे जरा विस्ताराने देतो.

आम्ही सुरुवात नक्षत्रांपासून केली, कारण नदीकाठचा माणूस इंग्रजी महिन्यांनी मोजत नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा. पहिला जोराचा पाऊस झाला की वारुळांतून पंख फुटलेली वाळवी निघते, दिव्यांवर झेपावते, पाण्यावर पडते, आणि मासे वर येऊन ती गिळतात. पुस्तकी दृष्टीने माशीच्या गळाला याहून चांगला मुहूर्त नाही. पण आमच्या जिल्ह्याची माती काळी. पहिल्या पाण्याबरोबर ती ओढ्यांतून उतरते आणि गोदावरी, पूर्णा, दुधना सगळ्याच चहाच्या रंगाच्या होतात. ज्या गळाचे आमिष डोळ्यांनी पाहून घ्यायचे असते तो गढूळ पाण्यात आंधळा ठरतो. शिवाय हे दिवस माशांच्या चढणीचे, अंडी घालायला उलट्या दिशेने निघण्याचे. तेव्हा गळ टाकणे हा दळभद्रीपणा. मृगापासून आश्लेषांपर्यंत आम्ही आखणीत एकच शब्द लिहिला : घरी.

मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. हा पाऊस आमच्याकडे भरवशाचा नाही, आणि आला तर बेभरवशाचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीने काठच्या शेतांची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिले. पण इथे एक गोष्ट आखणी करतानाच आमच्या ध्यानात आली. नदीला पूर कधी येणार हे सांगताना काठावरचे लोक आभाळाकडे बोट दाखवत नव्हते, पैठणकडे दाखवत होते. ‘नाथसागराचे किती दरवाजे उघडले’ हा त्यांचा पाऊस. १९७६ साली जायकवाडीचे धरण सुरू झाले तेव्हापासून आमच्या हद्दीतल्या गोदावरीचा वर्षाकाळ पाटबंधारे खात्यातून येतो. त्याच्या खाली आमच्या जिल्ह्यात ढालेगाव, तारूगव्हाण, मुद्गल, डिग्रस असे बंधारे आहेत. साधारणपणे पावसाळाभर त्यांचे दरवाजे वर असतात आणि परतीचा पाऊस ओसरताना खाली येतात. दरवाजे खाली आले की नदी थांबते. ती तलावांची माळ होते. पूर्णेचे तेच, तिला जिंतूर तालुक्यात येलदरीने अडवले आहे.

चित्रा आणि स्वाती ही आमच्या आखणीतली सर्वांत आशेची नक्षत्रे होती. पाणी निवळते. काठावरचे गवत कंबरेइतके असते आणि त्यात नाकतोडे असतात. वारा सुटला की ते पाण्यात पडतात. इथे आम्हाला एक अनपेक्षित आनंद झाला : हेमिंग्वेच्या कथेतला तरुणही खोटी माशी वापरत नाही, तो पहाटे दवाने जड झालेले नाकतोडे बाटलीत धरतो आणि तेच गळाला लावतो. आमचा विद्यार्थी म्हणाला, एवढे एक पान मी डोळे मिटून भाषांतर करीन. त्याने केले, आणि ते त्याच्या भाषांतरातले सर्वांत चांगले पान आहे. रब्बीची ज्वारी पेरायच्या दिवसांतला सकाळचा तो ओला वास आमच्या कुणाही अध्यापकाला शब्दकोशातून सापडला नसता.

पण याच नक्षत्रांत एक तारीख येते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४च्या आदेशाने ठरवले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पुरेसा साठा नसेल, म्हणजे ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. मग न्यायालये, मोर्चे, बंदोबस्त. आमच्या नदीचे शरद ऋतूतले खरे पर्व कोजागरी नव्हे, हे आहे. मराठी कवितेत कोजागरीचे चांदणे किती सांडले आहे याचा हिशोब नाही. १५ ऑक्टोबर मात्र एकाही कवितेत आम्हाला दिसला नाही. त्या तारखेवर जिल्ह्यातल्या लाखो लोकांचा उन्हाळा ठरतो, आणि मासे तर सगळेच तिच्यावर अवलंबून.

मार्गशीर्ष ते माघ. आमच्याकडे थंडी कडक पडते. परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. मासा तळाला जातो, सुस्तावतो. दुपारी अकरा ते तीन, उथळ आणि उन्हातली जागा, एवढेच मिळते. याच दिवसांत कालव्याचे आणि नदीचे आवर्तन सुटते. आवर्तन सुटले की चार-सहा दिवस नदीला पुन्हा ओढ येते, आणि आखणी करणाऱ्याला तारीख पंचांगात नव्हे तर पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात विचारावी लागते.

फाल्गुनाच्या शेवटापासून पुढे आम्ही पुन्हा ‘घरी’ असे लिहिले. वैशाखात पाणी डोहापुरते राहते. त्यात जे मासे कोंडतात त्यांच्यावर गळ टाकणे म्हणजे कोंडवाड्यात शिकार करणे. त्या पाण्यात आता बहुधा चिलापी असते, आफ्रिकेतून आलेली, काहीही खाणारी, कुठेही जगणारी. बीज सोडून वाढवलेले कटला, रोहू असतात, त्यांच्यावर हक्क ठेका घेतलेल्या संस्थेचा. सायक्सने ज्यांची नावे लिहिली त्यांपैकी कोणते या डोहांत उरले आहेत ते विचारायला आम्ही काठावर हिंडलो. वयस्कर भोई नावे भराभर सांगत. कधी पाहिला होता, असे विचारले की बोटे मोजायला लागत.

बारा महिन्यांतून आमच्या पदरात पडले ते मोजून आठ-नऊ आठवडे, तेही आवर्तनाच्या मर्जीवर. चर्चासत्रातल्या हशाला आमच्या टिपणातला हा भाग ऐकायचा नव्हता. दुष्काळी जिल्ह्यात हौस कसली, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की दुष्काळ नदीत कसा दिसतो याची नोंद त्या सत्रात आमच्या त्या हौशीनेच केली होती. प्रतिमेने केली नव्हती.

एक कबुली द्यायला हवी. मासा धरून पुन्हा पाण्यात सोडून देण्याची जी रीत फ्लाय फिशिंगवाल्यांत प्रतिष्ठेची मानतात, ती आम्हाला पटत नाही. खाण्यासाठी मासा मारणारा भोई आम्हाला त्या सज्जनांहून अधिक सरळ वाटतो. आमच्यातल्या एक बाई तर म्हणाल्या की वेदनेशी खेळून वर दयेचे श्रेय घेण्याचा हा प्रकार पाहिला की घाटावरचे कणकेचे गोळे आठवतात. आम्ही यावर बरेच भांडलो आणि एकमत झाले नाही. तेव्हा आम्ही या खेळाचे प्रचारक आहोत असे कुणी समजू नये. आमचा वाद त्या शिस्तीसाठी आहे, जिच्यात ‘नदीवर जाऊ’ असे म्हणण्यापूर्वी कोणती नदी, कोणता काठ, कोणता आठवडा, पाणी कोणत्या रंगाचे, हे सांगावे लागते.

ही शिस्त मराठीला परकी आहे काय? महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देवळाच्या कोणत्या अंगाला, हे ज्या काटेकोरपणाने नोंदले आहे ते पाहावे. गोदाकाठ तिच्यात पावलापावलाने मोजलेला आहे. तो काटेकोरपणा श्रद्धेतून आला होता. आज आमच्या विभागांतून पर्यावरणवादी समीक्षेच्या नावाने जे प्रबंध निघतात त्यांत ना श्रद्धा असते ना मोजणी. ‘अमुक कवीच्या कवितेतील नदी’ या विषयावर नोंदणी होते, पाश्चात्त्य सिद्धान्ताचे एक प्रकरण, प्रतिमांची यादी, स्त्रीतत्त्व, प्रवाहित्व, आणि निष्कर्ष. मार्गदर्शक म्हणून आम्हीही असल्या प्रबंधांवर सह्या केल्या आहेत. हा आरोप करताना आम्ही स्वतःला वगळत नाही. कवीच्या गावाची नदी आता वाहते का, हे त्यांपैकी एकाही प्रबंधात आम्ही विचारायला लावले नाही. नदी थांबली तरी प्रतिमा वाहतच राहते, आणि त्यामुळे नदी थांबल्याचे साहित्याच्या विभागाला कळतच नाही. बी. रघुनाथांच्या आणि जनाबाईंच्या जिल्ह्यात तरी हे असे असू नये.

दुसऱ्या आक्षेपाला आमचे उत्तर म्हणून एवढेच : माशाचे नाव ठाऊक नसल्याने एक भाषांतर अडले. भाषांतर अडते ती जागा साहित्याच्या बाहेरची असेल, तर साहित्याच्या आत काय उरते ते अध्यक्षांनी सांगावे.

तो विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत गंगाखेडच्या घाटाखाली गेला होता. तिथे गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना त्याने आपला मूळ प्रश्न विचारला : प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी उभा राहणारा मासा आपल्यात कोणता? आजोबांनी दोन नावे सांगितली. मग समोरच्या तुंबलेल्या पाण्याकडे पाहत म्हणाले, “पर आता कसं दिसंल? पानी चालत न्हाई, तर त्यानं तोंड कुनीकडं करावं? आवर्तन सुटल्यावर ये.”

विद्यार्थ्याने दोन्ही नावे वहीत लिहून ठेवली आहेत, पण भाषांतरात अजून घातलेली नाहीत. मासा तसा उभा असलेला स्वतः पाहिल्याशिवाय घालणार नाही म्हणतो. विद्यापीठाकडे प्रकल्प सादर करायची मुदत मार्चअखेरची आहे. आम्ही पाटबंधारे खात्याकडे पुढच्या आवर्तनाची तारीख विचारली आहे.